सोळा अंशांचा हट्ट आणि दरवर्षीचा गॅस

चिकित्सक
घरच्या एसीचे ‘पक्के नियम’ सांगणारा एक संदेश सध्या इतक्या श्रद्धेने पुढे पाठवला जात आहे की त्याला उत्तर देणे मला भाग पडले. त्यातले तीन नियम असे आहेत: खोली लवकर गार व्हावी म्हणून तापमान सोळावर ठेवावे, तास-दोन तासांसाठी बाहेर जाताना एसी बंद करू नये, कारण पुन्हा सुरू करताना जास्त वीज जाते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी गॅस भरून घ्यावा.

रिमोटवरचा आकडा यंत्राने कोठे थांबायचे ते सांगतो, किती जोर लावायचा ते नव्हे. कॉम्प्रेसर सोळालाही तेवढाच राबतो आणि चोवीसलाही तेवढाच. फरक इतकाच, की चोवीसला तो थांबतो आणि सोळाला आपण मध्यरात्री पांघरूण शोधत उठतो. दुसऱ्या नियमाबद्दल सांगायचे, तर भिंतींतून आणि काचांतून आत येणारी उष्णता आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकावर ठरते. एसी बंद केल्यावर खोली तापत जाते, फरक घटत जातो आणि आत शिरणारी उष्णताही कमी होते. चालू ठेवलेला एसी मात्र कोणी नसलेल्या खोलीतून ती उष्णता पूर्ण दराने बाहेर फेकत बसतो. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा विजेचा झटका क्षणभराचा असतो. त्याचा बागुलबुवा करू नये.

तिसरा नियम ही तर सरळ फसवणूक आहे. गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो जळत नाही आणि झिजतही नाही. तो कमी झाला असेल, तर गळला आहे.

उंटावरचा शहाणा
आपले विवेचन जुन्या, एकाच गतीने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरपुरते बरोबर आहे. इन्व्हर्टर एसीत खोलीचे तापमान आणि लावलेला आकडा यांतील फरक पाहूनच कॉम्प्रेसरची गती ठरते, त्यामुळे आकडा खाली नेल्यास तो अधिक वेगाने फिरू शकतो. शिवाय असा एसी मंद गतीने चालताना अधिक कार्यक्षम असतो. मग थोड्या वेळासाठी तो बंद करून, परत आल्यावर पूर्ण जोराने पळवण्यात खरोखर किती वीज वाचते, याचा हिशेब न मांडता आपण निकाल देऊन मोकळे झालात.

चिकित्सक
इन्व्हर्टरचा शोध लागल्याची वार्ता माझ्यापर्यंत पोहोचवल्याबद्दल आभार. खोली चौतीस अंशांवर तापलेली असेल, तर चोवीस लावले तरी दहा अंशांचा फरक उरतोच आणि तेवढ्यावर इन्व्हर्टरही बहुधा पूर्ण गतीनेच सुरुवात करतो. सोळाचा उपयोग झालाच, तर शेवटच्या एक-दोन अंशांत होईल. अर्ध्या तासाच्या अनुपस्थितीत बचत नगण्य ठरेल, हे मात्र मान्य करतो. मूळ संदेशात अर्धा तास नव्हता, हे आपणही मान्य करावे.

सावली
सोळा-चोवीसचा वाद बाजूला ठेवा, कारण खरी लूट गॅसमध्येच आहे. आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक गृहस्थ येत, बाहेरच्या युनिटला नळी जोडून दाबाचा काटा दाखवत आणि “गॅस उतरलाय” म्हणत टाकी उघडत. आम्ही निमूटपणे पैसे देत आलो. एकदा नेहमीचे गृहस्थ उपलब्ध नव्हते म्हणून दुसरे आले. त्यांनी काटा काढलाच नाही. आतल्या युनिटच्या मागे, तांब्याच्या नळीच्या जोडावर बॅटरीचा उजेड टाकला. तिथल्या पितळी नटाभोवती धुळीचा काळा, तेलकट थर चिकटला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळीतून फिरते आणि गळतीच्या जागी ते धूळ धरून ठेवते, असे त्यांनी सांगितले. वर साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. नळीचे तोंड कापून नव्याने फुलवले आणि नट पुन्हा आवळला. त्यानंतर गॅसचे नाव काढावे लागलेले नाही. आधीच्या गृहस्थांना तो नट दिसलाच नसेल, यावर मी विश्वास ठेवावा काय?

पाना-पक्कड
मी याच धंद्यात आहे आणि ‘फसवणूक’ व ‘लूट’ हे शब्द वाचून गप्प बसणे मला शक्य नाही. गळती शोधायची म्हणजे उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब भरून तो टिकतो का ते पाहायचे, जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतील हवा व ओल ओढून घ्यायची आणि मग युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. हे निम्म्या दिवसाचे काम आहे. गिऱ्हाईक विचारते, “एवढा वेळ कशाला? थोडा गॅस मारून द्या ना.” आम्ही समजावले, तर आम्ही बिल फुगवतो, ऐकले, तर आम्ही लुटारू! गळती कॉइलच्या, म्हणजे युनिटमधल्या वळवलेल्या नळ्यांच्या, पोटात असेल, तर ती सावलीताईंच्या बॅटरीला दिसणारही नाही.

सावली
आम्हाला गळती शोधण्याचा पर्याय कोणी कधी दिलाच नाही, हे मी लिहिले नसले तरी उघड आहे. न विचारलेल्या प्रश्नाला आम्ही नकार कसा दिला?

मोकळी हवा
सर्वांचेच एका गोष्टीकडे दुर्लक्ष होत आहे. बहुतेक स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणतच नाहीत. खोलीतलीच हवा फिरवतात. दारे-खिडक्या बंद करून चार माणसे झोपली की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी डोके जड होते. मुळात पंखा असताना...

चिकित्सक
आपला मुद्दा खरा आहे, पण आपण तो प्रत्येक धाग्यावर मांडता. पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणे व्यर्थ आहे, पण एसीच्या जोडीला लावला, तर आकडा एक-दोन अंशांनी वर नेता येतो. आता गॅसकडे वळू. पाना-पक्कड, नुसत्या दाबावरून गॅस कमी असल्याचा निर्णय करता येतो काय?

पाना-पक्कड
नुसत्या दाबावरून नाही. दाब बाहेरच्या उन्हाप्रमाणे बदलतो आणि इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरच्या गतीप्रमाणेही बदलतो. खात्री हवी असेल, तर सगळा गॅस काढून त्याचे वजन करावे लागते. आणि ‘गॅस संपलाय’ म्हणून जी बोलावणी येतात, त्यांतल्या कितीतरी घरांत दोष हवा गाळणाऱ्या जाळीचा निघतो. ती धुळीने बुजली की कॉइलवरून हवा जात नाही आणि कॉइलवर बर्फ धरतो. गॅस कमी असला तरी बर्फ धरू शकतो, म्हणून घोटाळा होतो. काही ठिकाणी तर खोलीला एक टन पुरला असता तिथे हौसेने दोन टन बसवलेले असतात. तो एसी झटकन गार करून थांबतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि लोक म्हणतात, “गार आहे, पण चिकट वाटतंय, गॅस बघा.”

उंटावरचा शहाणा
म्हणजे केवळ काटा पाहून दरवर्षी गॅस भरणारे चुकतात, हे आपणच सिद्ध केलेत.

पाना-पक्कड
काही जण चुकतात, असे म्हणा. धंद्यालाच नावे ठेवू नका. आणि जास्त भरलेला गॅसही कॉम्प्रेसरला घातक असतो, हेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी “आणखी थोडा मारा” म्हणणाऱ्यांना दाखवता येईल.

चिकित्सक
लिहून ठेवले. ‘फसवणूक’ हा शब्द मी गळती न शोधता दरवर्षी पैसे घेणाऱ्यांपुरता राखून ठेवतो; वजनकाटा घेऊन येणाऱ्यांनी तो अंगाला लावून घेऊ नये.

सावली
मी माझा एकही शब्द मागे घेत नाही. ते आधीचे गृहस्थ या उन्हाळ्यातही फोन करून गॅस भरायचा का, असे विचारत होते.