मदत हवी आहे: महापालिकेच्या शाळेत व्यवस्थापन समिती कागदावरच आहे, नव्याने निवडायची कशी?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. कोल्हापूर शहरातली महापालिकेची मराठी शाळा. पहिली ते सातवी, पट १४६ (पाचवीपर्यंत १०४, सहावी-सातवी मिळून ४२). शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती आहे, असं फलक सांगतो. पण पालक सभेचा निरोप आदल्या रात्री ग्रुपवर पडला, सकाळी अकराला सभा, आलेले पालक सात-आठ. नावं आधीच लिहून ठेवलेली. अध्यक्षांचं मूल मागच्या वर्षी सातवी पास होऊन गेलंय. मासिक बैठक होत नाही, बैठकांची वही सहीसाठी घरी फिरते.

विचारायचं ते असं:
१) समिती नव्याने निवडायची मागणी कशी आणि कुणाकडे करायची?
२) दोन वर्गांचा स्लॅब पावसात गळतो, मुलींचं स्वच्छतागृह कुलूपबंद आहे. हे समितीतून होतं की थेट महापालिकेत जायचं?
३) वही बघायला मागितली तर "ती ऑफिसची आहे" असं उत्तर मिळतं. बरोबर आहे का हे?

भांडण करायचं नाही. शिक्षक चांगले आहेत.

खडूफळा

ताई, क्रम महत्त्वाचा. आधी समिती, मग स्लॅब. उलट केलंत तर तुमचा अर्ज एका पालकाची तक्रार म्हणून फिरत राहील.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २१ वाचा, अर्ध्या पानाचं आहे. त्यावर राज्याचा १७ जून २०१० चा शासन निर्णय आहे. समिती १२ ते १६ जणांची, मुख्याध्यापक त्यात मोजायचे नाहीत, ते पदसिद्ध सदस्य सचिव. किमान ७५ टक्के पालक, किमान निम्म्या महिला. १२ ची धरली तर ९ पालक आणि ३ इतर: एक लोकप्रतिनिधी, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक, पालकांनी निवडलेला एक शिक्षणतज्ज्ञ. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. पालक सदस्य पालक सभेतून निवडायचे आणि अध्यक्ष त्या पालकांमधूनच. शिक्षक किंवा नगरसेवक अध्यक्ष होऊ शकत नाही. नगरसेवकाची जागा रिकामी असली म्हणून समिती अडत नाही. २०२० च्या नोव्हेंबरात महापालिका सभागृहाची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हाही समित्या असायलाच हव्या होत्या.

आता तुमच्या अध्यक्षांचं. ते समितीत पालक म्हणून आहेत. मूल शाळेत नाही, तर पालकपण नाही, आणि अध्यक्षपदही नाही. तुमच्या अर्जाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. "सभा नीट झाली नाही" यावर वाद घालता येतो, हजेरीपटावर घालता येत नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे, प्रत महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासन अधिकाऱ्यांना. एक पान पुरे. मजकूर साधारण असा: "अध्यक्षांचा पाल्य सध्या शाळेत शिकत नसल्याने अध्यक्षपद रिक्त आहे. तरी किमान सात दिवस आधी लेखी सूचना देऊन पालक सभा बोलवावी व समितीची पुनर्रचना करावी." खाली वीस-पंचवीस पालकांच्या सह्या, प्रत्येक सहीपुढे मुलाचं नाव आणि इयत्ता. इयत्ता नसेल तर कुणीतरी म्हणतंच, "हे आमच्या शाळेचे पालकच नव्हेत." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.

निवडीचं एक गणित आधीच करून ठेवा. नऊ पालक, सात इयत्ता. प्रत्येक इयत्तेतून एक, उरलेल्या दोन जागा खालच्या वर्गांना. अध्यक्ष मात्र दुसरी ते पाचवीतल्या पालकांतून निवडा. समितीची मुदत दोन वर्षांची. सातवीचा पालक अध्यक्ष केला की वर्षभरात पुन्हा आजचाच घोळ.

पेठेतला

सरांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. फक्त सह्या गोळा करताना शाळेच्या दारात उभं राहू नका, सरळ शाळेविरुद्ध मोहीम वाटते. गल्लीत, दूधकट्ट्यावर, तालमीत जाऊन बसा.

एक गंमत बघा. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. आता बाप दारात उभा आहे आणि सभा कधी ते त्याला रात्री दहाला कळतंय.

हिशेबनीस

पैशाचं मी सांगतो, कारण समितीत गेल्यावर पहिल्या बैठकीत प्रश्न इथेच अडतो.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान असतं, पटावर ठरतं. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यावर एक लाख. तुमचा पट १४६, म्हणजे वर्षाला ५० हजार. त्यातले किमान १० टक्के, म्हणजे ५ हजार, स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. पट यूडायसमधला (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) धरतात, हजेरीतला नव्हे.

रक्कम हप्त्याने येते, म्हणून खर्चाचा ठराव पैसे यायच्या आधी करून ठेवा. पैसे पीएफएमएसवरून (सरकारी पैशाची ऑनलाइन प्रणाली) थेट दुकानदाराच्या खात्यात जातात, रोख काढता येत नाही. दुकानदाराकडे पक्कं बिल आणि बँक खातं नसेल तर काम त्याला देऊच नका, मार्चमध्ये अडकतं. ३१ मार्चपर्यंत न वापरलेली रक्कम हातची जाते. बैठकीत तीन गोष्टी समोर ठेवायला सांगा: दरपत्रकं, बिल, साठा नोंदवही. आणि नोंदवहीतली वस्तू उठून जाऊन बघा. "पंखे २ नग" लिहिलं असेल तर वर मान करून मोजायचे.

५० हजारात स्लॅब होत नाही, हे मात्र आधीच मान्य करा. नळ, खडू, वीजबिल, झाडू, फळ्याचा रंग एवढंच त्यात बसतं.

रंकाळावेस

खूप आभार. पण मग स्लॅबचा पैसा येतो कुठून? आणि वहीचं काय? काल पुन्हा विचारलं, तेच उत्तर.

खडूफळा

वही समितीची असते, मुख्याध्यापक सचिव म्हणून सांभाळतात एवढंच. सदस्य झाल्यावर ती बघायला अर्जही लागत नाही. आज सदस्य नसाल तर माहिती अधिकार. "जन माहिती अधिकारी, प्राथमिक शिक्षण समिती, कोल्हापूर महानगरपालिका" असं लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे स्लॅब आणि वही एकत्र कोंबू नका. "अमुक वर्षातील समितीच्या सर्व बैठकांची सूचना, उपस्थिती व इतिवृत्ताच्या छायांकित प्रती" एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर, पानाला २ रुपये. चुकीच्या टेबलावर गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची, तुमची नव्हे. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये.

पण खरं सांगू का, हा अर्ज खिशात ठेवा, आधी पुनर्रचनेचा अर्ज द्या. माहिती अधिकार पहिल्याच दिवशी टाकला की मुख्याध्यापक बचावात जातात आणि सभेची तारीख लांबते.

वही हातात आली की एवढं बघा: सलग पानं, पान क्रमांक, प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदक, आणि सह्यांच्या वरची मोकळी जागा आडवी रेघ मारून बंद केली आहे का. घरोघर फिरणाऱ्या वहीत बहुतेक ही रेघ नसते. मजकूर नंतर भरायला जागा ठेवलेली असते.

पेठेतला

स्लॅबचं ऐका. दुरुस्ती महापालिकेच्या अभियंत्यांकडून होते. वाट अशी: समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, प्रशासन अधिकारी, तिथून तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता. शहरात अशी चार कार्यालयं आहेत: गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. अभियंता बघून एस्टिमेट करणार, मंजुरी, निविदा, मग काम. यातलं काहीही जूनमध्ये हलत नाही. दिवाळीच्या आत ठराव गेला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत काम होण्याची आशा. मेमध्ये पत्र दिलं तर पुढचा पावसाळा बादल्या लावूनच.

फोटो खालून काढून उपयोग नाही, वर गच्चीवर जा. दहातल्या सात-आठ वेळा तरी कारण तिथंच सापडतं: पाणी जायची भोकं पाल्यानं तुंबलेली, नाहीतर कठड्याच्या पायथ्याशी कोबा उखडलेला. तुंबलं असेल तर एस्टिमेटची वाट कशाला बघता, एका रविवारी तालमीची चार पोरं आणि एक खोरं पुरे. कोबा फुटला असेल तर मात्र हात लावू नका, फोटो काढा. खोली क्रमांक आणि तारीख फोटोत दिसेल असं एका पाटीवर लिहून ती पाटी फोटोत धरा. आतून छताला रंग मारायचा कुणी प्रस्ताव आणला तर नाही म्हणा. ओल तशीच राहते, पोपडे फक्त नवीन रंगाचे पडतात.

तालीम मंडळाकडून मदत घेताना वस्तू घ्या, रोख नको. टाकी, पंखा, बाक, काहीही. देणाऱ्याचं नाव घालून साठा नोंदवहीत चढवा, त्याला पोच द्या. आणि वर्गणीचा संबंध प्रवेशाशी चुकूनही जोडू नका, पाडव्याला प्रवेश सुरू होतात तेव्हा तर नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तो गुन्हा आहे, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड.

पाटीपेन्सिल

स्वच्छतागृहाबद्दल कुणी बोललं नाही. कुलूप का आहे ते आधी शोधा, कारण "स्वच्छतागृह दुरुस्त करावे" या ठरावावर कुणीच काही करत नाही. बादलीभर पाणी ओता. पाणी वर राहिलं तर चेंबर तुंबलंय. पाणी गेलं पण नळाला येत नसेल तर टाकी, बॉलकॉक किंवा मोटर. दोन्ही ठीक असेल तर साफ करायला माणूसच नाही, आणि बरीच कुलपं याच कारणानं लागतात. तिन्हीची टेबलं वेगळी. चेंबर आणि पाइप अभियंत्याकडे, बॉलकॉक त्या ५ हजारांतून आठवड्यात, माणूस मात्र प्रशासन अधिकाऱ्यांच्या पत्राशिवाय मिळत नाही.

नदीकाठच्या भागात असाल तर अजून एक. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की शाळांत निवारा केंद्रं उघडतात. केंद्र बंद होतानाच स्वच्छतागृहाची अवस्था लेखी नोंदवून घ्या, महिन्यानं कुणी मोडतोड मान्य करत नाही. आणि समितीची वही तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका!

हिशेबनीस

पटाबद्दल महत्त्वाचं राहिलं. पाचवीपर्यंत १०४ म्हणालात. कायद्याच्या तक्त्यात ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवतात ती) आधार जुळलेलीच मुलं धरतात. समजा १४ मुलांचं आधार जुळत नाही. झाले ९०, आणि एक शिक्षक धोक्यात. राज्याचे निकष अधूनमधून बदलतात, पण आधार न जुळलेलं मूल मोजतील यावर विसंबू नका.

न जुळण्याची कारणं तीनच: नाव, जन्मतारीख, लिंग. आधारवर "श्रेयस" आणि हजेरीपटावर "श्रेयश", एवढ्यावर अडतं. यादी वर्गशिक्षकांकडे असते. समितीनं गणपतीच्या आधी ती मागून घ्यावी आणि त्या चौदा घरी जावं, कारण सप्टेंबरअखेरचा पट धरतात. शाळेचं रजिस्टर बदलणं अवघड, आधार बदलणं सोपं, म्हणून जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जायला सांगा. या कामात शिक्षकही तुमच्या बाजूनं उभे राहतील, पद त्यांचंच आहे.

रंकाळावेस

हे शेवटचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या यादी मागते. अर्जाचा मसुदा तयार आहे, २३ सह्या झाल्या, इयत्तेसकट. एकच शंका. सभा झाली आणि पालक परत सात-आठच आले तर?

खडूफळा

वेळ बदला. सकाळी अकरा ही वेळ कार्यालयाच्या सोयीची. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा माणूस तेव्हा येणार कसा? ज्या घरांत आई धुणीभांडी करते तिथं दुपारी तीन ते चार मोकळे असतात, बाकीच्यांना संध्याकाळी साडेसहा. तुमच्या शाळेत कोणती घरं जास्त ते बघून अर्जातच वेळ सुचवा.

सूचना ग्रुपवर तर टाकाच, शिवाय मुलांच्या वहीत चिठ्ठी चिकटवून पालकांची सही मागवा. सह्या झालेल्या चिठ्ठ्या वर्गशिक्षकांनी जपून ठेवल्या की "निरोपच नव्हता" हा वाद दोन्ही बाजूंनी मिटतो. मतदान हात वर करून घेतलं तरी चालेल, पण प्रत्येक नावापुढे किती हात ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं, आणि सभा उठायच्या आधी तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगायचं.

पेठेतला

आणि चहा सांगून ठेवा, ताई. तीस कप सांगा, तेवढे आले नाहीत तर उरलेला आम्ही पिऊ.