एकत्र पिण्याने माणसं खरंच जवळ येतात का?

वाटसरू:
माझं मत सरळ सांगतो. माणसं जोडली जातात ती पेयामुळे नाही, ते एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या रीतीमुळे. अर्जेंटिनातलं येर्बा माते बघा, पानांवर गरम पाणी ओतून केलेलं पेय. वर्तुळात बसलेल्या सगळ्यांना भोपळ्याचं एकच भांडं आणि धातूची एकच नळी. भरणारा एकजण ठरलेला असतो. पहिला कडू घोट तो स्वतः घेतो, मग गरम पाणी ओतून पुढच्याला देतो. त्याने भांडं संपवून परत भरणाऱ्याकडेच द्यायचं. गडबड करायला वावच नाही, आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकत बसावं लागतं. आखाती देशांत कॉफीचा कप मुद्दाम थोडासाच भरतात, म्हणजे यजमान पुन्हा पुन्हा पाहुण्याजवळ येतो. पुरे झालं की कप हलवायचा. त्या कॉफीला २०१५ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ते चवीसाठी नव्हे.

नभा:
हे वाचायला छान वाटतं, पण दारूचं काय? जगभर 'एकत्र पिणं' म्हटलं की आधी तीच डोळ्यांसमोर येते. दक्षिण कोरियात ऑफिस सुटल्यावर होणाऱ्या 'होएशिक'मध्ये वरिष्ठाने ओतलेला ग्लास नाकारणं कनिष्ठांना किती जड जातं, याची तिथेच उघड चर्चा होते. याला जवळीक म्हणायचं? माझ्या भावाने दारू सोडली तेव्हापासून तो पार्टीत शिरल्या शिरल्या सोडा आणि लिंबाची फोड मागून घेतो. तहान म्हणून नाही, हात रिकामा दिसला की लोक विचारतात म्हणून. तो ग्लास शेवटपर्यंत तसाच भरलेला असतो. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. तरी न पिणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं.

वाटसरू:
भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तो दोष जबरदस्तीचा आहे. आखाती कपाची खूण मला म्हणूनच मोलाची वाटते: नकार द्यायची सोय रीतीतच आहे, कुणी कारण विचारत नाही.

जुना खांब:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. पेय माणसं जोडतं तसं कुंपणही घालतं. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे होते, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत. साधं पाणी! फिजीत कावा नावाच्या, मुळांपासून केलेल्या पेयाची वाटी हातात घेण्याआधी एक टाळी, एका दमात पिऊन झाल्यावर तीन टाळ्या. रीत देखणी आहे, पण ती बैठक परंपरेने पुरुषांची, आणि वाटी आधी कुणाला हे मानावर ठरतं. वर्तुळ म्हटलं की कुणीतरी बाहेर राहतंच.

मृदगंध:
खांब, नळ वेगळे ठेवावेसे वाटले, यातच एकत्र पिण्याची ताकद दिसते. त्याने काही होत नसतं तर एवढा आटापिटा कुणी केला असता? आणि वाटसरू, २०२० मध्ये कोविड आला तेव्हा अर्जेंटिनात माते वाटून पिऊ नका असं सरकारनेच सांगितलं. लोक आपापलं भांडं घेऊन बसले. मैत्र्या तुटल्या नाहीत.

वाटसरू:
तुटल्या नाहीत, कारण त्या आधीच जुळलेल्या होत्या. नव्या माणसाला आत घेताना पहिला हात पुढे कोण करणार? भांडं पुढे आलं की हा प्रश्न न बोलता सुटतो.

नभा:
मग सांगा, जो पीतच नाही त्याला आत कसं घेणार?

वाटसरू:
एका इथिओपियन सहकाऱ्याच्या घरी हे पाहिलं आहे. तिथे पाहुण्यांसमोर हिरव्या बिया भाजतात, वास घ्यायला तो धूर प्रत्येकापर्यंत नेतात, आणि त्याच कॉफीवर पुन्हा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. आमच्यातला एकजण कॉफी घेत नव्हता. यजमानीणबाईंनी भाजायचा तवा त्याच्यासमोरही धरला, मक्याच्या लाह्यांची परडी त्याच्याजवळ सरकवली. तिसऱ्या फेरीपर्यंत सर्वांत जास्त तोच बोलत होता.

नभा:
म्हणजे कपाशिवायही जमलं. मी दुसरं काय म्हणते आहे?