मदत हवी आहे: बाबांच्या पायाच्या धमनीत ब्लॉकेज, चालू द्यावं की नको?

नमस्कार मंडळी,

बाबा ६७ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात. शुगर जुनी आहे, विडी तरुणपणापासून, अजूनही सुटलेली नाही. हल्ली बाजारापर्यंत गेले की उजवी पोटरी गच्च धरते. जरा उभे राहिले की आपोआप सुटते, तेवढंच अंतर गेले की परत तेच. त्या पायाच्या नडगीवरचे केस गेलेत, कातडी चकचकीत झालीय आणि पाऊल दुसऱ्यापेक्षा हाताला गार लागतं.

डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मांडीतल्या धमनीत ब्लॉकेज निघालं, एबीआय (घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी, पायाला रक्त कमी पोचलं की एकाच्या खाली उतरतो) ०.६८. अ‍ॅटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन सुरू झालंय.

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२ आहे, रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय. मग धमनी भरली कशी? डॉक्टर चाला म्हणतात, काका म्हणतात पाय दुखतोय तर पडून राहू दे. शिवाय ओळखीतले एकजण चिलेशनची (शरीरातले धातू बांधून बाहेर काढणाऱ्या औषधाची) सलाइनं घ्या म्हणून मागे लागलेत, नसा साफ होतात म्हणे. खर्च बराच आहे. बाबांना पटेल असं काय सांगू? कृपया जाणकारांनी लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी फिजिशियन आहे. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

एलडीएलचा आजचा आकडा आजचाच असतो, धमनी भरते ती कित्येक वर्षांत. विडीचा धूर, शुगर, बीपी यांनी धमनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि एलडीएल त्याखाली शिरतं. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच अडकतात, वर तंतूंचं झाकण तयार होतं, पुढे कॅल्शियम साचतं. सुरुवातीला धमनी बाहेरच्या अंगाला रुंदावते आणि वाट मोकळी ठेवते, म्हणून काहीच जाणवत नाही. कोरियन युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि चारांतल्या तिघांच्या हृदयाच्या धमन्यांत याची सुरुवात झालेली होती! बाबांसारख्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, ९२ पुरेसं नाही. गोळीच्या डोसबद्दल नक्की विचारा.

बसल्या जागी पोटरीला थोडं रक्त पुरतं, चालताना कित्येक पट लागतं आणि अरुंद वाटेतून ते येत नाही. तरीही चालणं हाच उपचार आहे. चांगलं दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, १२ आठवडे. ब्लॉकेज जात नाही, पण स्नायू मिळेल त्या रक्तात जास्त काम करायला लागतो आणि अंतर वाढतं. सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्या. पायात जे झालंय ते हृदयात आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही असू शकतं, जिवाला खरा धोका तिथे आहे.

चिलेशनवर पैसे घालवू नका. मधुमेह असलेल्या आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या टॅक्ट-२ चाचणीत, २०२४ साली, त्याचा फायदा दिसला नाही. विडी सुटली तर त्याहून कितीतरी जास्त मिळेल, आणि फुकट.

प्रतिसाद २

माझ्या सासऱ्यांना हेच आहे. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघत जा. शुगरमुळे जखम कळत नाही. अनवाणी अजिबात फिरू देऊ नका, शेतात तर नाहीच.

प्रतिसाद १

अगदी बरोबर. झोपेत पाय दुखून खाली लोंबता ठेवावा लागला किंवा जखम भरेना, तर लगेच दाखवा. पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर सकाळची वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा, तिथे तासांचाच हिशेब असतो.