खजिनदारपदाला आधी नको नको, मग हो: इतिवृत्तात काय लिहू?

मानद_सचिव
डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या नव्या समितीची पहिली बैठक रविवारी झाली. अध्यक्ष-सचिव पटकन ठरले, गाडं अडलं खजिनदारावर. ए विंगच्या काकांचं नाव सुचवलं, तर म्हणाले, "नको हो, मला कुठे हिशेब जमतात?" जन्म बँकेत गेलाय त्यांचा! मग "बघतो", मग "घरी विचारून सांगतो", आणि वडे येईपर्यंत हो म्हणाले. मी लिहिलं, 'श्री. अमुक यांनी आढेवेढे घेतले व नंतर पद स्वीकारले.' अध्यक्ष म्हणतात काका दुखावतील, 'संकोच' घाला. बायको म्हणते, सरळ 'टाळाटाळ' लिही. काय करू?

जुना_मुद्रितशोधक
वहिनींना नमस्कार सांगा, पण टाळाटाळ नको. ती अंगावर आलेल्या कामाची करतात. मेंटेनन्स थकवलेला सभासद करतो ती टाळाटाळ. काकांच्या अंगावर अजून काही आलंच नव्हतं. चालढकलही म्हणूनच बाद, तिच्यासाठी आधी होकार भरावा लागतो.

तुमचा शब्द अचूक आहे, अडचण तीच आहे. आढेवेढे घेणारा शेवटी हो म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आमची एक मावशी गाण्याचा आग्रह झाला की "घसा बसलाय गं" म्हणायची आणि त्याच दमात पेटी कोणाकडे आहे ते विचारायची. 'मनातून हवंच होतं' हा चिमटा त्या शब्दात आहे, आणि काकांना तो बरोब्बर लागेल.

संकोचाचं तसं नाही. क्रियापदंच बघा ना: संकोच वाटतो, आढेवेढे घेतले जातात. पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागताना वाटतो तो संकोच. काकांना तो वाटला असेल असं तुमच्या वर्णनावरून तरी दिसत नाही!

कऱ्हाडची_सून
मला यात भीड दिसते. ज्यांनी नाव सुचवलं ते काकांचे जुने शेजारी असतील, तर त्यांच्या भिडेखातर हो म्हणाले असतील. भीड माणसाची असते, कामाची नाही. भाजीवाल्याकडे उरलेले दहा रुपये मी ठणकावून मागते, पण चुलतदिरांना दिलेले हातउसने परत मागायचे तर जीभ रेटत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

आणि 'जिवावर आलं' कसं कोणी सुचवलं नाही? आमच्याकडे थंडीत पहाटे उठायचा 'आळस आलाय' म्हटलं की सासूबाईंचं व्याख्यान सुरू. 'आज उठायचं अगदी जिवावर आलंय' म्हटलं की त्याच सासूबाई आल्याचा चहा आणून देतात. काम तेच, लोळणंही तेच. (इतिवृत्तात चालणार नाही, कळतंय मला.)

उपविधी_वाचा
१९६० चा सहकारी संस्था अधिनियम असो की तुमचे उपविधी, माणसाच्या मनात काय चाललं होतं ते कोणी विचारत नाही. सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. विषय संपला.

मानद_सचिव
ते खरं, पण बाकी चौघांनी सरळ नाही म्हटलं त्याची नोंद हवीच. उद्या म्हणतील, आम्हाला विचारलंच नाही. त्यांच्यासाठी 'कोणी पुढे येण्यास धजले नाही' चालेल?

जुना_मुद्रितशोधक
खजिनदारकी आहे की वाघाची गुहा? धजण्याला समोर धोका लागतो. शिवाय ते चौघे भित्रे ठरतील. 'अनिच्छा' लिहिलीत तर उर्मट वाटतील. आपल्या कागदोपत्री मराठीत याला 'असमर्थता व्यक्त केली' असा गुळगुळीत प्रयोग आहे. खरं तर हे सगळे चांगले समर्थ, वेळ नाही एवढंच, पण त्या शब्दाने कोणाचं काही बिघडत नाही. काकांसाठी 'समितीच्या आग्रहावरून' घ्या. आढेवेढे त्यात आले, दिसले मात्र नाहीत.

कऱ्हाडची_सून
आणि भीडही आली. :)

मानद_सचिव
'समितीच्या आग्रहावरून श्री. अमुक यांनी पद स्वीकारले. अन्य सदस्यांनी असमर्थता व्यक्त केली.' अध्यक्षांची सही झाली. काकांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "आग्रहाच्या आधी 'एकमुखी' बसेल का?"