तिरकामठ्यासाठी लाकूड निवडताना: साग, धामण की बांबू?

डोंगरवाट यांचा प्रश्न

नमस्कार. घरात उरलेल्या सागाच्या फळीपासून मी गेल्या महिन्यात धनुष्य करून पाहिले. फळी चांगली वाळलेली होती आणि तिच्यात एकही गाठ नव्हती. तरीही दोरी जेमतेम वीस इंच ओढली असेल-नसेल, तोच वरची भुजा मुठीपासून वीतभर अंतरावर लांब तिरकी चीर घेऊन तुटली. इंग्रजी मार्गदर्शनात यू, ओसेज ऑरेंज, हिकरी अशी नावे वारंवार येतात, परंतु मी इगतपुरीच्या बाजूला राहतो आणि येथे यांपैकी काहीही मिळत नाही. गावातील जाणती माणसे धामण सुचवतात, तर काही जण थेट बांबूच घ्या असे म्हणतात. मला शिकार करायची नसून केवळ निशाणेबाजीसाठी साधारण तीस पौंड ताणाचे, अठ्ठावीस इंच ओढता येणारे, एकाच लाकडाचे धनुष्य हवे आहे. सागाची निवडच चुकली, की माझे काम चुकले, हे कृपया सांगावे.

वाकस यांचे उत्तर

आपण वर्णन केलेली तिरकी चीर हेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. धनुष्य वाकते तेव्हा नेमबाजाच्या विरुद्ध बाजूची पाठ ताणली जाते आणि त्याच्याकडचे पोट दाबले जाते. पाठीवरील तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतील तरच हा ताण सहन होतो. करवतीने कापलेल्या फळीत तंतू सरळ आहेत असे वरून भासते, परंतु करवत तंतूंचा माग घेत नाही, ती आखलेल्या रेषेवरून जाते. त्यामुळे तंतू मध्येच पाठीच्या पृष्ठभागाबाहेर निघतात आणि नेमके तेथूनच लाकूड उकलू लागते. म्हणूनच धनुष्याचे लाकूड कापू नये, पाचर मारून फोडावे. फोडल्यावर ते पिळवटलेले निघाले, तर झाड कितीही नामांकित असले तरी ते बाजूला ठेवावे.

साग टिकाऊ आहे, वाळल्यावर फारसा वाकडा होत नाही आणि रंध्याखाली छान चालतो, पण यांपैकी कोणताही गुण धनुष्याच्या उपयोगाचा नाही. कुऱ्हाडीचा दांडा कोणी सागाचा करत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. धामणीचे मात्र बैलगाडीचे आस, अवजारांचे दांडे आणि कावडी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. कावड म्हणजे तरी काय, दिवसभर वाकून पुन्हा सरळ होणारे लाकूडच. संस्कृतात या झाडाला ‘धन्वन’ असे नाव आहे, ते उगीच नव्हे.

परदेशी मार्गदर्शनातील एक सूचना येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. पाठीवर एकच वार्षिक वलय अखंड ठेवावे, असे तेथे सांगितले जाते. थंड प्रदेशातील ज्या झाडांची वलये ठसठशीत असतात, त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. आपल्याकडील अनेक झाडांत मात्र वलये इतकी अस्पष्ट असतात की त्यांचा माग काढता येत नाही. त्यापेक्षा मनगटाहून जाड, सरळ वाढलेली धामणीची फांदी उभी फोडावी, साल अलगद सोलावी आणि सालीखालचा नैसर्गिक पृष्ठभाग हीच पाठ मानून तिला हत्यार लावू नये. सारे तासकाम पोटाच्या बाजूनेच करावे.

यूची कीर्ती खरी आहे. इंग्लंडमध्ये १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजातून निघालेली धनुष्ये त्याच लाकडाची आहेत. त्याचे बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो, अशी दुहेरी सोय निसर्गानेच केलेली आहे. त्याचा हिमालयातील भाऊबंद थुनेर संकटग्रस्त आहे. त्याच्या वाटेला जाऊ नये.

मेसकाठी यांचे उत्तर

वाकस यांचे तंतूंविषयीचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र पहिल्याच धनुष्यासाठी धामण सुचवणे मला पटत नाही. चांगली फांदी मिळवण्यात आणि वाळवण्यात वर्ष जाईल, आणि जंगलातील झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही हा भाग वेगळाच. शेताच्या बांधावरचा बांबू घ्यावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळलेला आहे. भिल्लांचे कामठे बांबूचे असते आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चिवट कांबीची असते; राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ हा प्रकारही बांबूच्या धनुष्यावरच खेळला जातो.

मानवेल मिळाल्यास उत्तम, कारण त्याची भिंत जाड असते आणि कोरड्या डोंगरउतारावर तो जवळजवळ भरीव वाढतो. तीन-चार वर्षांची काठी निवडावी. पहिल्या वर्षीची काठी वाळताना आकसते, तर फार जून झालेली ठिसूळ होते. तोड पावसाळ्यानंतर थंडीत करावी आणि काठी दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावी. आतील पिष्ट निघून गेले की भुंगेरा कमी लागतो. बांबूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात, म्हणून चकाकती साल पाठीला ठेवावी. पेरांचे उंचवटे दिसायला खटकतात, परंतु पाठीवरचे पेर सपाट करण्याचा मोह टाळावा, कारण तेथे तंतू वळलेले असतात आणि कानस फिरली की तेच कापले जातात.

डोंगरवाट

दोघांचेही आभार. बांबूपासून सुरुवात करतो आणि धामणीची फांदी मिळाल्यास ती वाळत ठेवतो. दोन शंका राहतात: लांबी किती धरावी, आणि येथील पावसाळ्यात लाकूड वाळले हे कसे ओळखावे?

वाकस

अठ्ठावीस इंच ओढीसाठी तयार धनुष्य साडेपाच फुटांहून कमी नसावे. म्हणून तुकडा सहा फुटांचा घ्यावा. लांबीत केलेली काटकसर बहुतेक वेळा लाकडाच्या माथी मारली जाते.

फांदी फोडल्यावर टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग लावावा, नाहीतर टोके आधी वाळून तडकतात. पुढे दर आठवड्याला तुकडा वजनकाट्यावर ठेवून वजन टिपावे. घट थांबली की लाकूड भोवतालच्या हवेइतके वाळले असे समजावे, परंतु इगतपुरीच्या श्रावणातील हवेइतके वाळणे म्हणजे काही वाळणे नव्हे. हे वजन एप्रिलमध्ये स्थिरावले तरच विश्वास ठेवावा. ओलसर लाकूड सहसा मोडत नाही, ते बाक धरून बसते आणि बाण रडतखडत जातो.

तासताना मात्र घाई करू नये. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली, तर चौथ्या भागाहून अधिक जोर निघून जातो. रुंदीचे तसे नाही, ती निम्मी केली तर जोरही निम्माच होतो. म्हणून ताण थोडा कमी करायचा असेल तेव्हा मी पोटाला हात न लावता आधी कडा घासतो.