दुर्मिळ म्हणून महाग? तेवढं सोपं नाही

'प्लॅटिनम सोन्याहून दुर्मिळ, म्हणजे महागच राहणार' असं कुणीतरी म्हटलंय. मग २००८ साल बघा. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत विजेची बोंब झाली, खाणी काही दिवस बंद पडल्या. जगातलं सुमारे ७० टक्के प्लॅटिनम तिथलंच! मार्चमध्ये भाव औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेला, आणि वर्ष सरायच्या आत हजाराच्याही खाली. का? मंदीत गाड्या खपेनात. हा धातू मुख्यतः गाड्यांच्या, त्यातही डिझेलवाल्यांच्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात, जातो. २०१५मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीत फसवणूक केल्याचं प्रकरण निघालं, तेव्हा आणखी दणका बसला. शिवाय मध्यवर्ती बँका सोन्यासारखे याचे साठे करत नाहीत. प्लॅटिनमचा दागिना मोडीला नेलात तर सराफाचा चेहरा बघा, मग बोलू.