जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलींना वॉर्डात शिकवायचं कसं? अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. आमच्या मुलींची पोस्टिंग ग्रामीण रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात असते. प्रश्न जुनाच आहे, पण आगोटी, म्हणजे पावसाची सुरुवात, जवळ आली की जास्त बोचतो, म्हणून धागा काढतेय.

आमच्या मुली डेमो रूममध्ये पास होतात आणि वॉर्डात अडतात. गेल्या पावसाळ्यातलं एक उदाहरण देते. काजूच्या बागेत बेणायला गेलेली एक बाई आली, घोट्याला फुरसं चावलेलं. पाय सुजलेला, चावल्या जागेतून रक्त पाझरतंय. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावायला सांगितली. पायऱ्या तिला तोंडपाठ: शिरेतलं ताजं २ मिली रक्त, कोरडी काचेची नळी, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त छान काढलं आणि हाताशी होती ती प्लास्टिकची नळी उचलली. ती बदलून काचेची दिली, तर दर दोन मिनिटांनी उचलून उजेडात धरून बघतेय. मग मी विचारलं, समजा गोठलं नाही, तर तू पुढे कोणाला काय सांगशील? गप्प. चेकलिस्टमध्ये तो प्रश्न नाही ना!

मुलगी हुशार आहे, वर्गात पहिल्या पाचात. म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

अडचणी सांगते. कागदावर दहा मुलींमागे एक शिक्षक. प्रत्यक्षात माझ्यामागे त्याहून बऱ्याच जास्त असतात. एका कॉटभोवती सगळ्या उभ्या राहिल्या की पुढच्या दोघी-तिघींना दिसतं, मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या. स्टाफ सिस्टर म्हणतात, "मॅडम, पोरींना जरा बाजूला घ्या," आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांना औषधांचा राउंड उरकायचा असतो. प्रोसिजर बुकात सह्या लागतात, त्या आठवडा संपताना गठ्ठ्याने होतात. आणि पेशंट? एक म्हातारी मला म्हणाली, "गो बाय, हे चेडवा माजो पाय बगूक इली हत की माका?" आता यावर काय बोलणार!

वॉर्डाचं काम न थांबवता, दहा-पंधरा मिनिटांत खरोखर काही शिकवता येईल अशी पद्धत कोणी वापरता का? वर्गात शिकवायच्या गोष्टी नकोत, त्या मला जमतात. कॉटजवळ काय करायचं ते सांगा. पैसे नाहीत, हे गृहीत धरा.

---

भरतीओहोटी: तुमच्या स्कूलने चांगली मॅनिकिन (सरावाचे पुतळे) घ्यायला हवीत. सिम्युलेशन लॅबशिवाय आता पर्याय नाही.

धागाकर्ती: मॅनिकिन आहे हो. कुलपात आहे. इन्स्पेक्शन आलं की बाहेर निघतं, अंगावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही.

---

निवृत्त मेट्रन: अगं, आधी त्या सगळ्या मुलींना एका कॉटभोवती नेणं बंद कर. तिघींना स्वतःबरोबर घे. बाकीच्यांना जोडीने काम लावून दे: एक जोडी सिस्टरबरोबर औषधांच्या राउंडला, एक जोडी टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि इनटेक-आउटपुटला, एक जोडी नव्याने भरती झालेल्या पेशंटशी बोलायला. दुसऱ्या दिवशी फिरव. आठवड्यात सगळ्या तुझ्या हाताखालून जातात आणि सिस्टरचं काम अडत नाही, उलट हलकं होतं. सिस्टर कुरकुरते ती तिचं काम थांबतं म्हणून. तिचा तक्ता भरून मिळाला की तीच विचारेल, उद्या पोरी कधी येणार?

म्हातारीचं म्हणशील तर, पेशंटला विचारायचं काम मुलीनेच करायचं, तू नाही. स्वतःचं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, "आजी, बघू का?" म्हणायचं आणि ती हो म्हणेपर्यंत चादरीला हात लावायचा नाही. मालवणीतच बोलू दे. वॉर्डात आल्या की मुलींना छापील मराठी कुठून सुचते देव जाणे. "आपल्याला वेदना कोणत्या स्वरूपाच्या आहेत?" असं विचारल्यावर आजी काय सांगणार? "खंय दुखता गे आजी?" म्हटलं की ती पायापासून सुनेपर्यंत सगळं सांगते.

आणि एक बिनपैशाचा डेमो सांगते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मुली डोळ्यांनी नेहमी कमी धरतात. मोठ्या सिस्टरही धरतात, डॉक्टरही. कोकमाचं आगळ पाण्यात कालवायचं, मापून पॅडवर, चादरीवर, किडनी ट्रेमध्ये आणि थोडं जमिनीवर ओतायचं. प्रत्येकीने अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, मग मेजरिंग जगमधला खरा आकडा सांगायचा. चादरीत मुरलेलं ५०० मिली किती थोडं दिसतं ते एकदा बघितलं की मुलगी आयुष्यात विसरत नाही. माझ्या काळात एकीने १५० लिहिलं होतं. खरा आकडा ऐकून ती परत परत चादर उचलून बघत होती.

---

पीएचसीवाला: मी मेडिकल ऑफिसर, रत्नागिरी जिल्हा. ताई, तुमच्या फुरशाच्या केसमध्ये मुलगी नळीपाशी अडलेली नाही. आपण हे कशासाठी करतोय, तिथे अडली आहे. फुरसं आणि घोणस रक्त गोठणं बिघडवतात, नाग आणि मण्यार नसांवर जातात. हे चार तिला परीक्षेसाठी पाठ असतील, पण या बाईच्या पायाशी तिने ते जोडलेलं नाही. काच का? काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची साखळी सुरू करतो, प्लास्टिक तसं करत नाही. साबणाने धुतलेली काचही दगा देते, म्हणून नवी कोरडी नळी. चुकीची नळी घेतली तर चांगलं रक्तही गोठलेलं दिसत नाही आणि गरज नसताना एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) चढतं, त्याची रिअॅक्शन वेगळीच. हे एकदा कळलं की हात आपोआप काचेकडे जातो.

पद्धत विचारलीत म्हणून. १९९२ साली अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी "वन मिनिट प्रीसेप्टर" नावाची एक रीत मांडली. ती डॉक्टरांसाठी होती, मी सिस्टर आणि सीएचओंसाठी (उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांसाठी) वापरतो. पेशंट बघून झाला की आधी मी काही सांगत नाही. मुलीला विचारतो, तुला काय वाटतं, पुढे काय करूया? तिने काहीतरी एक ठरवून सांगायचंच, "माहीत नाही" चालणार नाही. मग विचारतो, कशावरून? तिथे खरं भोक कुठे आहे ते दिसतं. मग मी एकच गोष्ट शिकवतो, एकच. मग जे बरोबर केलं ते नाव घेऊन सांगतो. "छान" एवढं म्हटल्याने काही होत नाही. "रक्त काढायच्या आधी घड्याळ बघून वेळ लिहिलीस हे बरोबर" असं म्हणायचं. शेवटी जे चुकलं ते. एक मिनिटात होत नाही, चार-पाच लागतात. पण दहाच्या आत होतं.

गंमत अशी की डॉक्टर ठरवणार आणि सिस्टर करणार अशी मुलींची समजूत असते, म्हणून त्या ठरवायला घाबरतात. रात्री दोनला उपकेंद्रात एकटी असेल तेव्हा कोण ठरवणार? निदान "सर, २० मिनिटांनी रक्त गोठलेलं नाही, हिरड्यांतून रक्त येतंय, एएसव्ही काढून ठेवते, अॅड्रेनलिन भरून तयार ठेवते" एवढं फोनवर नीट सांगता आलं पाहिजे. हे फोनवरचं बोलणंच मी सरावाला लावतो. मुलगी व्हरांड्यात जाते, मला खरोखर फोन लावते, मी पलीकडून मुद्दाम झोपेत असल्यासारखं बोलतो.

आपल्या भागात विंचूही घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन रूढ केलं, ते काम इथल्याच ग्रामीण रुग्णालयातल्या पेशंटांवरून उभं राहिलं. मुलींना नुसतं गोळीचं नाव सांगू नका. घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, बीपी, अर्ध्या-अर्ध्या तासाला तक्ता भरायला द्या आणि विचारा, मागच्यापेक्षा काय बदललं?

---

मेडिकल कॉलेजात शिकवतो: वरचं बहुतेक पटलं, पण चेकलिस्टला इतकं झोडपू नका. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये हार्डन आणि सहकाऱ्यांनी ओस्की (ठरावीक कामं करून दाखवायची परीक्षा) आणली, ती तोंडी परीक्षेतल्या लहरीपणावर उतारा म्हणून. त्याआधी परीक्षकाचा मूड आणि मुलाचं आडनाव यावर बरंच ठरायचं. सगळ्यांना एकच काम, एकच वेळ, एकच गुणपत्रिका, हे मोठं पाऊल होतं.

गडबड अशी की ओस्की "करून दाखवतो का" एवढंच मोजते. जॉर्ज मिलरने १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो. तुमची मुलगी तिसरीवर उत्तम आहे. चौथी फक्त वॉर्डातच बघता येते. तेव्हा चेकलिस्ट फाडू नका, तिच्यात दोन ओळी वाढवा: "निकाल कोणाला, कोणत्या शब्दांत कळवला?" आणि "निकाल उलटा आला असता तर काय केलं असतं?" परीक्षेत गुण ठेवलेत की मुली आपोआप तयारी करतात. आपण सगळे तसेच घडलोय.

नवं कौशल्य शिकवताना पेटनच्या चार टप्प्यांची रीत चांगली आहे. आधी नेहमीच्या वेगाने, एक शब्द न बोलता करून दाखवायचं. मग सावकाश, समजावत. मग मुलीने सांगायचं आणि शिक्षकाने तसंच करायचं, तिने चुकीचं सांगितलं तर तिथेच थांबून. मग मुलीने बोलत बोलत स्वतः करायचं. लोक तिसरा टप्पा गाळतात, आणि सगळी किमया त्यातच आहे. ती सांगते तेव्हा तिच्या डोक्यात काय आहे ते ऐकू येतं.

निवृत्त मेट्रन: सर, चार टप्पे वर्गात ठीक. सलाइन संपत आलेली असताना न बोलता कोण करून दाखवणार? आणि परीक्षेत दोन ओळी वाढवल्या की मुली त्या दोन ओळीही पाठ करतील. मी तीस वर्षं बघितलंय.

मेडिकल कॉलेजात शिकवतो: हा हा, मान्य. मग निकाल दर वेळी बदलायचा. कधी गोठलं, कधी नाही, कधी नळीच फुटली.

---

लेबररूमवाली: माझा अनुभव एवढाच: दोन दिवसांचं प्रशिक्षण काही महिन्यांत वाहून जातं. नवजात बाळाच्या बॅग-मास्कचं (पिशवी दाबून श्वास द्यायच्या साधनाचं) ट्रेनिंग आम्ही सगळ्यांनी घेतलंय, सर्टिफिकेट भिंतीवर आहेत. पण बाळ न रडता बाहेर आलं की पहिल्या मिनिटात श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी, तिथे आठवायला वेळ नसतो. आम्ही आता ड्यूटी बदलताना बॅग-मास्क काढतो. जी येतेय ती करते, जी जातेय ती बघते. मास्क डोळ्यांवर येतोय का, हनुवटीच्या खाली घसरतोय का, छाती उचलतेय का, मिनिटाला ४० ते ६० हा वेग "दाबा-दोन-तीन" म्हणत राहतोय का. पाच मिनिटं. बाहुली नसेल तेव्हा नुसता मास्क धरायचा सराव. भजनी मंडळ रोज थोडं म्हणतं म्हणून सप्त्याला सूर लागतो, तसंच आहे हे. तुमच्या मुली पोस्टिंगला असतील तेव्हा त्यांनाही त्यात घ्या. आणि ते मॅनिकिन आधी कुलपातून काढा, बाई!

---

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माझं ठरलं ते असं: तिघी-तिघींचे गट, रोज एकच पेशंट माझ्याबरोबर, आणि हात लावायच्या आधी मुलीने "मी काय करणार आणि का" हे बोलायचं. पीएचसीवाल्या सरांचा फोनचा सराव तर उद्यापासूनच. पलीकडून झोपेतला डॉक्टर व्हायला आमचे प्यून तयार आहेत. मॅनिकिनसाठी प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिलाय.

दोन शंका उरल्या. एक, प्रोसिजर बुकातल्या सह्या. गट लहान केले तर प्रत्येकीच्या वाट्याला प्रोसिजर कमी येतील आणि ठरलेले आकडे भरणार नाहीत. दुसरी जरा हास्यास्पद आहे. आगळाचे डाग चादरीवरून जातात का?

मेडिकल कॉलेजात शिकवतो: आकडे भरायचेच आहेत, ते टळणार नाही. पण बुकात "पाहिलं", "मदत केली" आणि "स्वतः केलं" असे वेगळे रकाने असतील तर ते खरे भरा. नसतील तर समासात पेन्सिलीने पा, म, स्व लिहा. सही त्याच दिवशी, त्याच कॉटपाशी. वर्षाअखेर कोणत्या मुलीचे "स्व" कमी आहेत ते तुम्हाला दिसेल आणि इंटर्नशिपला तिला कुठे पाठवायचं तेही ठरवता येईल.

निवृत्त मेट्रन: जात नाहीत गं, आगळाचे डाग कुठले जातायत! चांगल्या चादरींना हात लावू नकोस. स्टोअरकीपरकडे कंडम केलेल्या चादरी असतात, त्या माग. नोंदवहीत सही करून घ्याव्या लागतात आणि तेवढ्याच मोजून परत द्याव्या लागतात, तेव्हा मुलींना फाडायला देऊ नकोस. आणि आगळ बिनमिठाचं घे. मीठ घातलेलं सांडलं की फरशी चिकट होते आणि मावशी ओरडतात.